दगडफुलाची नवी नोंद : नमुन्याचे पाकीट कुठे आहे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घाटमाथ्यावर अमुक दगडफूल पहिल्यांदाच आढळले, अशी बातमी आली की आनंद होतो आणि लगेच नजर तिच्यात एक तपशील शोधू लागते. शोधणाऱ्यांची नावे असतात, गाव असते, झकास रंगीत फोटो असतो. नमुना कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने जमा केला, एवढे मात्र बहुतेक वेळा नसते. ते नसेल तर बाकी सगळे असूनही नोंद झाली असे म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या कोणाला ती तपासून पाहायची सोयच राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी ते चंदगड या पट्ट्यात शैवाकांकडे, म्हणजे दगडफूल ज्यांत मोडते त्या गटाकडे, वळणारे विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी भटके आहेत. त्यांच्यासाठी हे काम कसे करायचे आणि कुठे हमखास बिघडते, ते जरा सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावावीच लागली तर लेबल आणि वाळवण एवढे तरी वाचवावे.

नवे सापडल्याचे दावे चार तऱ्हेचे असतात: जगालाच नवी प्रजाती, भारताला नवी, महाराष्ट्राला नवी, किंवा फक्त जिल्ह्याला नवी. मथळ्यात चारही सारख्याच दिसतात, पुरावा मात्र प्रत्येकीला वेगळा लागतो. जगाला नवी असेल तर नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम पाळावे लागतात. शैवाक हे बुरशी आणि शैवल यांचे सहजीवन असले तरी त्याचे नाव त्यातल्या बुरशीचे धरले जाते, म्हणून बुरशींच्या अटी इथेही लागू होतात. एक नमुना प्ररूप म्हणून, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार म्हणून, संग्रहालयात ठेवायचा, वर्णन किंवा वेगळेपणाची लक्षणे लॅटिन वा इंग्रजीत प्रसिद्ध करायची, आणि १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स या बुरशींच्या नावांच्या नोंदवह्यांपैकी एकीकडून ओळखक्रमांक घेऊन तो त्यासोबत छापायचा. यातले एक राहिले तरी नाव वैध ठरत नाही. आणि संपादक महोदय, हे आपल्याला विशेष सांगावेसे वाटते: १ जानेवारी १९५३ पासून सर्वसाधारण वर्तमानपत्रात छापलेले नवे शास्त्रीय नाव या नियमांनुसार प्रसिद्ध झाले असे मानलेच जात नाही. बातमीने अग्रहक्क मिळत नाही, तेव्हा शोधणाऱ्यानेही घाई करायचे कारण नाही.

महाराष्ट्राला नवी नोंद हे काम त्या मानाने सोपे वाटते, आणि खरी फसगत तिथेच होते. जुन्या याद्या पाहिल्या, नाव सापडले नाही, म्हणजे नवी, असा हिशेब केला जातो. पण गेल्या पन्नास वर्षांत शैवाकांची नावे भराभर बदलली आहेत. एके काळी पार्मेलिया या एकाच वंशात कोंबलेल्या प्रजाती पुढे पार्मोट्रेमा, हायपोट्रॅकिना आणि इतर वंशांत विभागल्या गेल्या. एव्हर्निअ‍ॅस्ट्रम आता हायपोट्रॅकिनात धरतात. सालीवर काळ्या रेघोट्या उमटवणाऱ्या शैवाकांचे तर पूर्वी चार सुटसुटीत कप्पे होते. बीजाणू रंगहीन आणि फक्त आडव्या पडद्यांचा असेल तर ग्राफिस. रंगहीन पण विटांच्या भिंतीसारख्या आडव्या-उभ्या पडद्यांचा असेल तर ग्राफिना. हेच दोन प्रकार तपकिरी बीजाणूंत दिसले तर अनुक्रमे फिओग्राफिस आणि फिओग्राफिना. २००२ पासून ही मांडणी मोडली. रेघेच्या कडा काळ्या, कार्बनयुक्त आहेत का, बीजाणूंचा थर स्वच्छ आहे की तेलाच्या थेंबांनी भरलेला, यांना वजन आले आणि ग्राफिना, फिओग्राफिना ही नावे जवळजवळ वापरातून गेली.

हे सगळे आपल्याशी संबंधित आहे, कारण पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत डॉ. पी. जी. पटवर्धन यांनी आणि त्यांच्यानंतर डॉ. उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या याच गटावर भरपूर काम करून ठेवले आहे. संस्था १९४६ ची. १९९२ पासून तिचे नाव आघारकर संशोधन संस्था. १९७० च्या दशकातले लेख अर्थातच त्या वेळच्या नावांनी आहेत. आजचे नाव घेऊन त्यांत शोधले तर काहीच हाती लागणार नाही, आणि जुनीच गोष्ट नवी म्हणून जाहीर होईल. म्हणून आधी आजच्या नावाची सगळी जुनी नावे इंडेक्स फंगोरममधून उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक नावाने याद्या चाळाव्यात. कंटाळवाणे काम आहे. ते टाळणाऱ्याची नवी नोंद पुढे दुसराच कोणीतरी जुनी ठरवतो.

फोटोचा उपयोग आहे, पण तो कुठपर्यंत हे ठरवून घ्यायला हवे. फांदीला लोंबणाऱ्या उस्नियाचा वंश फोटोवरून सांगता येतो, प्रजाती सांगता येत नाही. सालीला पापुद्र्यासारख्या घट्ट चिकटलेल्या शैवाकांचा बऱ्याचदा वंशही सांगता येत नाही. जांभळाच्या किंवा अंजनीच्या खोडावरच्या काळ्या रेघोट्या मोबाइलमधल्या अ‍ॅपला दाखवल्या की ते बिनदिक्कत ग्राफिस स्क्रिप्टा हे नाव पुढे करते. ते नाव मुळात युरोपातल्या शैवाकाचे, त्यातला स्क्रिप्टा हा भाग लिनिअसने १७५३ मध्ये दिलेला. आपल्याकडच्या रेघोट्यांच्या आत काय आहे ते साल चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय कळत नाही.

शैवाक नसलेल्या गोष्टीही फोटोत शैवाक म्हणून येतात. पावसाळ्यात घाटातल्या संरक्षक भिंतींवर आणि खोडांवर जो मखमली नारिंगी थर दिसतो, ते ट्रेंटेपोलिया नावाचे शैवल. ते हिरव्या शैवलांपैकीच, कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे नारिंगी झालेले. गंमत अशी की ग्राफिसच्या पोटात राहणारे शैवलही ट्रेंटेपोलियाच असते. त्यामुळे ताजे ग्राफिस नखाने हलके खरवडले तर गवती हिरव्याऐवजी पिवळट नारिंगी छटा दिसते. रानात एवढी खूण पुष्कळ उपयोगी पडते.

आपल्या कांदा-लसूण मसाल्यात जाते ते दगडफूल हाही नोंदीचा पुरावा नाही. बाजारातला माल वेगवेगळ्या प्रदेशांतून येतो, त्यात बहुधा एकापेक्षा जास्त प्रजाती मिसळलेल्या असतात आणि कोणता तुकडा कोणत्या झाडावरचा हे कोणालाच ठाऊक नसते. सराव करायला मात्र तो उत्तम. मूठभर दगडफूल भिंगाखाली पसरा. ज्याच्या पृष्ठावर बारीक खुंट्यांसारखे उंचवटे आहेत ते पार्मोट्रेमा टिंक्टोरम असण्याची शक्यता, ज्याच्या कडांना पिठूळ पट्टी आहे ते पार्मोट्रेमा पर्लॅटम असण्याची. रासायनिक कसोटी दोघांना पटकन वेगळे करते, ते पुढे येईलच.

रानात जाण्याआधी परवानगी. राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचे, क्षेत्र ३५१.१६ चौ. किमी, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतला एक घटक. अभ्यासासाठी आत जायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली आणि तिथून काहीही बाहेर न्यायला कलम २९ खाली परवाना लागतो. सालीचा अंगठ्याएवढा तुकडाही यात आला. पर्यटकाच्या प्रवेशपावतीवर नमुना गोळा करता येत नाही, आणि चांगले नियतकालिक लेख घेताना परवान्याचा क्रमांक विचारतेच. मालकीच्या रानात मालकाला विचारा. देवराईत गावकऱ्यांना आणि गुरवाला विचारा. देवाच्या झाडाला लोखंड लावू देत नसतील तर फोटो, मोजमाप आणि जागेची नोंद घेऊन परत या. खाली गळून पडलेल्या फांद्यांवर शेंड्याकडची शैवाके आयतीच मिळतात आणि त्यांना सहसा कोणाची हरकत नसते. लेबलावर मात्र गळलेली फांदी असे लिहायला हवे, कारण मूळची उंची कळत नाही.

पाऊस थांबल्यानंतर, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. भर पावसात शैवाक फुगलेले असते, ते पाकिटात बुरसते. उन्हाळ्याच्या दुपारी ते इतके ठिसूळ होते की हात लावताच चुरा. सकाळी दव असताना पानासारखी पसरणारी शैवाके सहज उचलतात. नंतर गेलात तर फवाऱ्याने पाणी मारून दोन-चार मिनिटे थांबा आणि चाकूचे पाते कडेकडेने खाली सरकवा. पापुद्र्यासारखी असतील तर सालीसकटच घ्यावी लागतात. वरची मेलेली साल दोन-तीन मिलिमीटर जाडीची पुरे. आतला ओला थर दिसला तर तुम्ही खोल गेलात, झाडाला जखम झाली. खोडाभोवती गोल कधीच कापू नये. दगडावर छिन्नी नैसर्गिक फटीत धरून, आडव्या कोनात मारावी. सरळ ठोकली तर नमुना मधोमध फुटतो. आपल्या सड्यांवरचा जांभा छिद्राळ आणि भुसभुशीत, त्याचा तुकडा हातात येईपर्यंत वरचे शैवाक गळून जाते. म्हणून तो आधी टिश्यू पेपरने दाबून धरावा. काळ्या पाषाणाच्या कपच्या उडतात, डोळ्यांवर चष्मा हवाच.

किती घ्यायचे? चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा बहुतेक कामांना पुरतो, मात्र त्यावर फलकाये, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या बशा, ठिपके किंवा रेघा, असायला हव्यात. नुसता करडा पापुद्रा घेऊन आलात तर त्याचे नाव लावणे जवळजवळ अशक्य. जागी एकच ठिपका असेल तर तो तिथेच राहू द्या. पापुद्र्यासारखी शैवाके वर्षाला फार तर एक-दोन मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढा ठिपका खरवडून काढला तर तुमच्या हयातीत तो भरून येईलच असे नाही.

आता लेबल. सगळ्यात जास्त नोंदी इथे वाया जातात. प्रत्येक नमुन्याला जागेवरच क्रमांक द्यायचा, घरी आल्यावर नाही. संध्याकाळी दहा पाकिटे समोर आली की कोणते जांभळावरचे आणि कोणते हिरड्यावरचे हे आठवत नाही. क्रमांक संकलकाचा स्वतःचा, एकदा सुरू झाला की आयुष्यभर पुढे चालणारा. दर वर्षी एकपासून सुरू करणारे स्वतःलाच गोत्यात आणतात. तारीख, संकलकाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची हे तर हवेच. त्यापलीकडे आधाराची माहिती नेमकी हवी. झाडावर एवढे लिहून भागत नाही. अंजनीच्या खोडावर, जमिनीपासून १.२ मी., उत्तर बाजू, देवराईच्या कडेला, अर्धसावली, असे लिहिले तर ते कामाचे. झाड ओळखता येत नसेल तर त्याची पानांची फांदी सोबत दाबून घ्यावी आणि तोच क्रमांक द्यावा. खडक असेल तर जांभा की काळा पाषाण, उघड्यावर की कपारीत, पाणी पाझरते का. ओले असतानाचा रंग लगेच लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर हिरवी शैवाके राखाडी होतात. शाईने नाही, पेन्सिलीने. गगनबावड्याच्या दमट हवेत बॉलपेनचे अक्षर फुटते.

स्थाननिर्देशाच्या चुका सहसा साध्याच असतात. मोबाइलवर दशांश अंश ठेवा. चार दशांश स्थळे म्हणजे सुमारे ११ मीटर, तेवढे पुरे. गर्द झाडीत आणि दरीत उपग्रह नीट दिसत नाहीत, म्हणून यंत्र दाखवते ती त्रुटी मीटरमध्ये लिहून ठेवा. उंचीचा आकडा मोबाइलवरून जसाच्या तसा घेऊ नये, तो कित्येक मीटरने हुकतो. सर्वेक्षण विभागाच्या नकाशातल्या समोच्चरेषांशी ताडून पाहा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल तर इतकी नेहमीची की बोलायची सोय नाही. आपला जिल्हा १६ उत्तर, ७४ पूर्व यांच्या आसपास आहे. उलट लिहिले तर नमुना नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो, आणि संगणकावरची यादी तो निमूटपणे तिथे दाखवत राहते.

पाकीट घरी करता येते, विकत आणायची गरज नाही. ए-फोर कागद उभा धरा. खालची बाजू वर दुमडा, वरून ६ सेंमी मोकळे सोडून. दोन्ही बाजू साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर मागे मोडा. मग वरची ६ सेंमीची पट्टी पुढे खाली घ्या. सुमारे १४ बाय १२ सेंटिमीटरचे पाकीट तयार होते; लेबल त्या पट्टीवर येते आणि डिंक, पिन, स्टेपल काही लागत नाही. कायम ठेवायच्या पाकिटासाठी आम्लरहित कागद वापरावा, साधा कागद काही वर्षांत पिवळा पडून मोडतो. दगडी तुकडा आत सुटा राहिला तर शैवाक घासून पुसले जाते, म्हणून तो पुठ्ठ्याला चिकटवतात.

प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना आणू नये. आणलाच तर त्याच रात्री बाहेर काढावा. कागदी पाकिटे उघडी ठेवून सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवायची. उन्हात किंवा भट्टीत नाही, कारण तापल्याने रंग बदलतो आणि पुढे जनुकीय काम करायचे असेल तर तेही बिघडते. त्या कामासाठी छोटा तुकडा ताजा असतानाच सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवावा. वाळल्यावर पाकिटे घट्ट बंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवायची, म्हणजे पुस्तकी उवा आणि भुंग्यांच्या अळ्या मरतात. इथे प्लॅस्टिक चालते, कारण नमुना कोरडा आहे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. घाई केली तर थंड नमुन्यावर दव धरते आणि सगळी वाळवण फुकट जाते. पूर्वी कीड लागू नये म्हणून रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे क्लोराइड, लावत. तो जहाल विषारी. जुनी पाकिटे हाताळताना हातमोजे घालावेत.

ओळख पटवायला सुरुवात होते ती नव्या ब्लेडने. फलकायाचा जमेल तितका पातळ उभा छेद घ्यायचा आणि आधी पाण्यात पाहायचा. बीजाणूंची मापेही पाण्यातच घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ते फुगतात. एक-दोन बीजाणू मोजून आकडा लिहू नका. वीस-तीस मोजा आणि लहानात लहान ते मोठ्यात मोठा असा पल्ला द्या. नेत्रिकेतल्या पट्टीच्या एका भागाची किंमत प्रत्येक सूक्ष्मदर्शकाला आणि प्रत्येक वस्तुभिंगाला वेगळी असते, ती स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे ज्ञात मापाच्या रेषा कोरलेल्या काचपट्टीने, आधी काढून घ्यावी लागते. हे न केल्यामुळे दीडपट मोठे बीजाणू छापले जातात आणि मग ती प्रजाती वेगळी भासू लागते. दुसरा धोका कोवळ्या बीजाणूंचा. पिकल्यावर तपकिरी होणारे बीजाणू कोवळे असताना रंगहीनच दिसतात, आणि फिओग्राफिस ग्राफिसमध्ये जाऊन बसते. अनेक फलकाये कापून पाहिल्याशिवाय रंगहीन असे लिहू नये.

मग रासायनिक कसोट्या, म्हणजे द्रावण लावल्यावर कोणता रंग येतो ते पाहणे. के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सुमारे १० टक्के द्रावण. सी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दुकानातले साधे ब्लीच; रंगीत कपड्यांसाठीचे पेरॉक्साइडचे ब्लीच इथे कामाचे नाही. एकाच जागी आधी के आणि मग सी लावले की ती केसी कसोटी. पी म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन. हे शेवटचे विषारी आहे, कपड्यांना आणि टेबलाला डाग पाडते, वर्गात मुलांच्या हातात देऊ नये. अल्कोहोलमधले त्याचे द्रावण दिवसभरच टिकते. स्टायनरचे द्रावण महिनोन्‌महिने चालते: पी १ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर आणि द्रव साबण अर्धा मिलिलिटर.

द्रावण अख्ख्या नमुन्यावर ओतू नका. छोटा तुकडा काचपट्टीवर काढा, शैवाकाची स्वतःची वरची साल ब्लेडने खरवडून आतला पांढरा मेड्युला उघडा करा आणि साल व मेड्युला यांची कसोटी वेगवेगळी घ्या; दोघांत वेगळी द्रव्ये असतात. थेंब बारीक काचनळीने द्या. सीचा लाल रंग काही सेकंदांत उडून जातो, तेव्हा नजर हलवायची नाही. केचा पिवळा रंग हळूहळू रक्तासारखा लाल होत गेला तर नॉरस्टिक्टिक किंवा सॅलॅझिनिक आम्लाचा संशय, त्यामुळे तिथे मिनिटभर थांबावे. बाजारातल्या त्या दोघांपैकी टिंक्टोरमचा मेड्युला सी लावताच लाल होतो, कारण त्यात लेकॅनोरिक आम्ल. पर्लॅटम सीला दाद देत नाही, केला पिवळा आणि पीला नारिंगी होतो. याचा व्यावहारिक फायदा असा की खात्रीचे टिंक्टोरम जवळ ठेवले तर ब्लीच जिवंत आहे की मेले हे रोज तपासता येते. सूर्यप्रकाशात ठेवलेले ब्लीच निकामी होते, आणि त्याने घेतलेली सी निष्क्रिय ही नोंद चुकीच्या नावाकडे नेते. काही शैवाके अतिनील प्रकाशात चकाकतात, ते पाहायला ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. ३९५ ची स्वस्त जांभळी टॉर्च स्वतःच एवढी उजळते की मंद चकाकी दिसत नाही. शहरांत रस्त्याकडेच्या झाडांवर आढळणारे पिक्सिने कोकोएस ३६५ खाली लख्ख पिवळे दिसते, ते लायकेक्सॅन्थोनमुळे.

एवढ्याने भागत नाही तिथे शैवाकातली द्रव्ये वेगळी करून दाखवणारे पातळ थर वर्णलेखन करावे लागते. हे महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात होऊ शकते. अ‍ॅसिटोनमधला अर्क सिलिका जेलच्या पट्टीवर ठिपक्याने द्यायचा. टोल्युइन, डायऑक्झेन आणि अ‍ॅसिटिक आम्ल १८०:४५:५ हे ए द्रावक, टोल्युइन आणि अ‍ॅसिटिक आम्ल १७०:३० हे सी द्रावक (ब्लीचच्या सीशी याचा संबंध नाही). पट्टी वाळवून १० टक्के सल्फ्युरिक आम्ल फवारायचे आणि ११० अंशांना तापवायची. शेजारी ज्ञात द्रव्यांचा ठिपका नसेल तर पट्टी कितीही सुंदर आली तरी वाचता येत नाही. पिठूळ, फलकाये नसलेल्या शैवाकांना आणि उस्नियाला हे टाळताच येत नाही.

नाव लावण्यासाठी डॉ. डी. डी. अवस्थी यांच्या १९८८ आणि १९९१ मधल्या, लक्षणे पाहत पायरीपायरीने नावापर्यंत नेणाऱ्या ओळख-किल्ल्या अजून उपयोगी आहेत, पहिली मोठ्या शैवाकांची, दुसरी पापुद्र्यासारख्यांची. पण त्यांतली नावे आज तपासून घ्यावी लागतात, आणि किल्लीत शेवटच्या पायरीला पोहोचलो म्हणजे ओळख पटली असे नसते. किल्लीत नसलेली प्रजातीही कुठल्यातरी पायरीवर बरोबर बसते. खात्री होते ती नाव लावलेल्या नमुन्याशी शेजारी ठेवून पाहिल्यावर. असे नमुने पुण्यात आघारकर संस्थेच्या अजरेकर संग्रहालयात आणि लखनौला राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आहेत. आपला नमुनाही अशाच ठिकाणी जमा करायचा, मिळेल तो क्रमांक लेखात द्यायचा, आणि पुरेसा माल असेल तर त्याच नमुन्याचा दुसरा भाग कोल्हापुरात ठेवायचा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाचे संग्रहालय आहेच. शैवाकांच्या पाकिटांना फुलझाडांसारखी मोठी कपाटे लागत नाहीत; बुटांच्या खोक्यांच्या मापाचे कोरडे खण पुरतात.

दोन ठिकाणी ठेवण्याचा आग्रह दुर्गम भागातून आलेल्या नमुन्यांना जास्त लागू पडतो. अंटार्क्टिकात फुलझाडे दोनच, शैवाके शेकड्यांनी. मैत्री स्थानकाजवळच्या शिर्माकर ओअ‍ॅसिसमधून आपल्या अभ्यासकांनी शैवाके आणून लखनौला ठेवली आहेत. तिथे जाण्याची संधी पुन्हा मिळेलच असे नसते, म्हणून लेबल जागेवर पूर्ण होते. आपल्याकडे मात्र चंदगड काय, उद्याही जाता येईल, या भरवशावर अर्धे लेबल राहते. उद्या ते झाड रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेले असू शकते. सड्यांचे तर विशेष: जिथे जांभा तिथेच बॉक्साइट, आणि खाणीचा प्रस्ताव येतो तेव्हा तिथे काय होते हे क्रमांकाच्या पाकिटानेच दाखवता येते. फोटो आणि आठवण सुनावणीत टिकत नाहीत.

ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनाही हेच सांगणे आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ खाली लोक जैवविविधता नोंदवही त्यांनी तयार करायची असते. त्यात दगडफूल या एका शब्दापुढे आहे असे लिहिण्यापेक्षा गावातल्या पाच झाडांवरची पाच पाकिटे नीट करून जमा केली तर ती नोंदवही जास्त उपयोगाची होईल. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथून ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. एवढ्या अंतरात शैवाके किती बदलत जातात, हे अशी पाकिटे गावागावांतून आली तरच मांडता येईल.

आपल्याकडे मागणे थोडेच आहे. नव्या नोंदीची बातमी आली की दावा चारपैकी कोणता, नमुना कुठे आणि कोणत्या क्रमांकाने, नाव कोणी पक्के केले आणि लेख कोणत्या शास्त्रीय नियतकालिकात आला, हे वार्ताहराने विचारावे आणि उत्तर बातमीत छापावे. क्रमांक अजून मिळाला नसेल तर बातमी थांबवायला हरकत नाही. दुर्मिळ प्रजातीची नेमकी जागा मात्र छापू नये, तालुक्याचे नाव पुरे. दगडफुलाला बाजारभाव आहे. आणि पुढे ओळख बदलली, जी शैवाकांत अनेकदा बदलते, तर ती दुरुस्तीही त्याच पानावर, शोधणाऱ्यांच्या नावासकट छापावी.

कळावे,
आपले,
शैवाकांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक, कोल्हापूर